राजापूरकरांना उत्तर: मोरानचं चित्र आणि आपला सडा

राजापूरकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जुनी टिपणं काढून बसलो. अमेरिकेतलं यलोस्टोन, त्याचं मोरानने काढलेलं चित्र आणि आपली कोकणातली कातळशिल्पं (सड्यावर खोदलेली चित्रं) शेजारी ठेवणाऱ्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. मी घटनाक्रम चुकवला. तिथून हुसकावलेल्या माणसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि ‘आपल्या कातळशिल्पांना अमेरिकेचं सर्टिफिकेट कशाला?’

पहिला आक्षेप मुकाट मान्य. चित्रकार थॉमस मोरानचं भलंथोरलं तैलचित्र बघून अमेरिकन काँग्रेसने यलोस्टोनला राष्ट्रीय उद्यान केलं, असं मी ठोकून दिलं होतं. कायद्यावर सही झाली १ मार्च १८७२ ला, तेव्हा ते सात बाय बारा फुटांचं चित्र पुरं व्हायचं होतं. सरकारने ते १०,००० डॉलरना घेतलं, पण कायदा झाल्यानंतर. त्याआधी खासदारांपुढे गेली ती मोरानची जलरंगातली चित्रं आणि विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रं. १८७१ मध्ये भूशास्त्रज्ञ हेडनच्या सरकारी सर्वेक्षणाबरोबर दोघेही तिथे गेले होते. मोरानच्या प्रवासासाठी ५०० डॉलर उसने दिले ते ‘जे कुक’ (Jay Cooke) नावाच्या बँकवाल्याने, आणि हा कुक होता नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा पैसेवाला. आता त्याला निसर्गाचा पुळका किती आणि तिकीटविक्रीची काळजी किती, ते सांगायला नको.

दुसरा आक्षेप मात्र जिव्हारी लागला, कारण तो खरा आहे आणि मला माहीत असूनही मी लिहिलं नव्हतं. लेख छान वाहत होता, मध्ये खडा नको वाटला. यलोस्टोनच्या डोंगरात तुकुदिका राहत. रानमेंढ्यांची शिकार करून जगणारे, त्याच मेंढ्यांच्या शिंगांची धनुष्यं करणारे शोशोनी लोक. उद्यान झाल्यावर काही वर्षांतच त्यांना राखीव वस्त्यांमध्ये नेलं गेलं. वर उद्यानाचे अधीक्षक नॉरिस यांनी पसरवलं की हे लोक उकळत्या फवाऱ्यांना घाबरतात, तिकडे फिरकतच नाहीत. म्हणजे जागा आधीपासून रिकामीच होती म्हणायची! गंमत बघा, राष्ट्रीय उद्यानाची कल्पना मुळात मांडली तीही एका चित्रकारानेच. जॉर्ज कॅटलिन १८३२ मध्ये मिसूरी नदीवर फिरला, तेव्हा त्याला सुचलेल्या उद्यानात जनावरांबरोबर माणसंही होती. चाळीस वर्षांत जनावरं राहिली, माणसं गळली. मोरानच्या त्या मोठ्या चित्रात अगदी पुढे एक मूळ रहिवासी उभा आहे, पण तो एवढासा की शोधावा लागतो.

तिसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार. मला सर्टिफिकेट नकोय, मला धास्ती वाटते. आपला सडा, म्हणजे कोकणातलं उघड्या कातळाचं पठार, सातबाऱ्यावर काय म्हणून लागतो? पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. बघणाऱ्याला तो ओसाड दिसला की चिरेखाण सुरू होते. उद्या कोणाला तो निसर्गरम्य दिसेल आणि कुंपण पडेल. दोन्हींकडे समज एकच, की इथे कोणी नाही. पावसाळ्यात त्याच कातळावर गुरं चरतात, खळग्यातल्या चार मुठी मातीत भात होतो, आणि बाजूला सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू फुललेले असतात. सह्याद्रीतलं चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तिथून उठून पुनर्वसनात गेलेल्या माणसांकडे अभयारण्याचा विषय काढून बघा. वाघ नको असं त्यातला कोणी म्हणणार नाही, पण पुढचं बोलणं लांबतं.

म्हणूनच मला कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती मोरानशेजारी ठेवावासा वाटला. सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात जमिनीवरचे, पाण्यातले सत्तरेक जीव खोदलेले. मोरान पाहुणा म्हणून आला, बघून गेला, आणि दूरच्या शहरांतल्या लोकांना दाखवायला दृश्य घेऊन गेला. हत्ती कोरणारा त्याच कातळावर वावरणारा होता. त्याच्या हत्तीमागे ना डोंगर, ना आकाश. देखावाच नाही. प्राणी आहेत, आणि ते पायाखाली आहेत, भिंतीवर नाहीत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, याचा मला आनंदच आहे. पण संरक्षण करताना आपण मोरानच्या नजरेने करू की त्या कोरणाऱ्याच्या, हा माझा प्रश्न होता. लेखात तो नीट उतरला नाही, ही चूक माझी.

मूळ लेखातलं चुकीचं वाक्य खोडून खाली दुरुस्ती दिली आहे. खोडलेलं तसंच दिसू दिलंय. तुकुदिकांवर एक परिच्छेद वाढवला.

आणि ‘तुम्ही कातळावर कधी गेलात तरी का?’ या तुमच्या टोमण्याबद्दल. गेलो होतो, भर दुपारी. कातळ तव्यासारखा तापलेला, पांढराशुभ्र उजेड, आणि मी हत्तीच्या पाठीवर उभा राहून हत्ती कुठेय म्हणून विचारत होतो. बरोबरच्या गुराख्याने सांगितलं, उन्हं कलू देत, रेघा आपोआप वर येतील. साडेपाचला आधी सोंड दिसली.