टेबल टॅग कालबाह्य झालाय म्हणे!

वेबपेज शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला अधूनमधून फिरत असतो. एचटीएमएलमधलं, म्हणजे वेबपेज लिहायच्या भाषेतलं, टेबल आता जुनाट झालं, तो धडा सोडून द्या. डिव्ह (नुसती रिकामी चौकट) आणि सीएसएस ग्रिडने (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसमधली ओळी-रकान्यांची मांडणी) सगळं होतं. शिवाय टेबल किचकट, आणि मोबाईलवर मोडतं.

जुनाटपणाचं आधी बघू. नव्वदच्या दशकात सीएसएसची ताकद तोकडी होती, म्हणून लोक अख्खं पान टेबलात मांडायचे: एका चौकटीत मेनू, दुसरीत मजकूर, मध्ये जागा सोडायला पारदर्शक जिफ चित्र. ही पद्धत मोडीत निघाली, बरंच झालं. 2017 मध्ये मोठ्या ब्राउझरांत ग्रिड आल्यावर तर तिची गरजच उरली नाही. (ईमेलवाले अजून तिला धरून आहेत, ते दुखणं वेगळं.) सेलपॅडिंग (चौकटीतली मोकळी जागा), बीजीकलर (मागचा रंग) ही टॅगमध्ये लिहायची टेबलाची जुनी ॲट्रिब्यूटही बाद झाली. टेबल टॅग मात्र आजच्या एचटीएमएल स्टँडर्डमध्ये ठणठणीत आहे.

'डिव्हने सगळं होतं' हे दिसण्यापुरतं खरं आहे. कांद्याच्या बाजारभावाचा तक्ता घ्या. ओळींत लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर. वर आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. डिव्हमध्ये मांडला तरी डोळ्यांना तो तक्ताच दिसेल. पण न दिसणारा माणूस एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बसला, की त्याच्या कानावर नुसती आकड्यांची माळ पडते. 1900 हा कमाल दर की सर्वसाधारण, कळायला मार्ग नाही. तेच टेबल टॅगने केलं, मथळ्यांना टीडीऐवजी (साधी चौकट) टीएच (मथळ्याची चौकट) वापरलं आणि स्कोप या ॲट्रिब्यूटमध्ये तो मथळा कॉलमचा की ओळीचा हे सांगितलं, की कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबत चौकटीचौकटीतून फिरता येतं. उजवीकडे सरकलं की आधी 'कमाल दर' ऐकू येतं, मग आकडा. डिव्हला रोल (हा भाग काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणारं ॲट्रिब्यूट) लावून हे साधता येतं, नाही असं नाही. पण मग तुम्ही टेबलच पुन्हा लिहीत बसलात, तेही जास्त ओळींत. शिवाय खरं टेबल कॉपी करून एक्सेलमध्ये टाकलं की आकडे आपापल्या रकान्यात पडतात. डिव्हचा तक्ता टाकून बघा एकदा.

ग्रिडला माझा विरोध नाही. फोटोंची गॅलरी, दुकानातल्या वस्तूंची कार्डं ग्रिडमध्येच शोभतात. ज्या आकड्याला वरचा आणि बाजूचा मथळा काढल्यावर अर्थ उरत नाही, तो टेबलातला.

मोबाईलचं उत्तर एका ओळीचं आहे. टेबलाभोवती एक डिव्ह घाला आणि त्याला ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो द्या, पान जागेवर राहतं, टेबल तेवढं आडवं सरकतं. टीआर (ओळ) आणि टीडीला डिस्प्ले: ब्लॉक देऊन कार्डं पाडायची युक्ती सगळीकडे सुचवतात, पण तिच्यामुळे काही ब्राउझरांत टेबलाची रचनाच स्क्रीन रीडरपासून लपते.

राहिला किचकटपणा. कॅप्शन (तक्त्याचं शीर्षक), टीआर, टीएच, टीडी हे एका दुपारचं काम. अडतं ते रोस्पॅनपाशी. एखाद्या चौकटीला रोस्पॅन 2 दिलं, की ती खालच्या ओळीतलीही जागा खाते, म्हणून त्या ओळीत एक टीडी कमी लिहायचा. तो काढायचा राहिला की शेवटची चौकट उजवीकडे बाहेर लोंबते, आणि खापर फुटतं टेबल टॅगवर.