आमदारांचा नंबर मागण्याआधी

‘आमदारसाहेबांचा नंबर आहे का?’ अशी विचारणा करणारे संदेश मला वरचेवर येतात. मंत्रालयात टपाल आणि टिप्पण्या यांत नोकरीची वर्षे गेल्यामुळे माझ्याकडे सगळ्यांचे नंबर असणार, असा परिचितांचा समज आहे. नंबर देणे अवघड नसते. पण काम काय आहे असे विचारले की बहुतेक वेळा ते आमदारांचे नसतेच. ते तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या उपअभियंत्याचे, भूमी अभिलेख कार्यालयातल्या भूकरमापकाचे किंवा मंत्रालयातल्या एखाद्या कक्ष अधिकाऱ्याचे असते, आणि या माणसाचे नाव, पदनाम किंवा बसण्याची जागा यांपैकी काहीच अर्जदाराला ठाऊक नसते. ही माहिती लोकांसमोर ठेवणे हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते पाळले जात नाही, म्हणून आमदारांच्या संपर्क कार्यालयापुढे रांग लागते, आणि ही रांग नागरिक सोडून बाकी सगळ्यांच्या सोयीची आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

गावच्या खराब रस्त्याचे उदाहरण घेतो, कारण तक्रारींमध्ये पहिला मान त्याचाच असतो. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी रस्त्यांची प्रतवारी असते. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. दोन्हीकडे कार्यकारी अभियंता, उपअभियंता आणि शाखा किंवा कनिष्ठ अभियंता अशी सारखीच उतरंड असल्यामुळे लोकांचा गोंधळ होतो, आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्याची तक्रार सार्वजनिक बांधकामच्या कार्यालयात दिली की ती ‘आमच्या अखत्यारीत नाही’ या शेऱ्यासह परत तरी येते, नाहीतर तिथेच पडून राहते. कडेच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्यमार्ग, एवढे तरी जाता-येता कळते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याच्या तोंडाशी तर फलक असतो. त्यावर ठेकेदाराचे नाव आणि पाच वर्षांच्या देखभालीचा उल्लेख असतो. त्या पाच वर्षांत खड्डे पडले तर ते बुजवण्याची जबाबदारी ठेकेदाराची असते आणि ती त्याच्याकडून पार पाडून घेणे हे अभियंत्याचे काम असते. अशा रस्त्यासाठी आमदारांकडे नव्या निधीची मागणी करणे म्हणजे एकाच कामाचे पैसे शासनाला दोनदा मोजायला लावणे होय. तरीही तशी मागणी होते, ती मंजूरही होते आणि भूमिपूजनाचा नारळही फुटतो.

आता आमदारांविषयी. विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत आणि आपला मतदारसंघ कोणता हे मतदार यादीतल्या नोंदीवरून कळते. तालुक्याच्या नावावरून अंदाज बांधू नये. करवीर तालुक्यातली गावे करवीर आणि कोल्हापूर दक्षिण अशा दोन मतदारसंघांत आहेत, आणि हवेली तालुक्याची गावे तर कितीतरी मतदारसंघांत विखुरलेली आहेत. पत्ता आणि दूरध्वनी विधानमंडळाच्या संकेतस्थळावरील सदस्यसूचीत असतो. तो चालत नसेल तर आणखी एक जागा आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही: निवडणूक लढवताना प्रत्येक उमेदवार नमुना २६ मध्ये जे शपथपत्र देतो, त्यात मालमत्ता आणि गुन्ह्यांच्या तपशिलाबरोबर संपर्काचा दूरध्वनी व ईमेलही लिहावा लागतो. वृत्तपत्रे त्यातले दागिने आणि गाड्या मोजतात. नागरिकाला उपयोगी पडणारी ओळ पहिल्याच पानांत असते.

विधान परिषदेच्या ७८ सदस्यांचा तर आपल्याला पूर्ण विसर पडलेला असतो. त्यांतले सात पदवीधरांमधून आणि सात शिक्षकांमधून निवडून येतात; म्हणजे नाव नोंदवलेल्या पदवीधराला विधानसभेतल्या आमदाराखेरीज दुसराही प्रतिनिधी असतो. भरती परीक्षांचे रखडलेले निकाल, अनुदानाअभावी थकलेले शिक्षकांचे पगार, विद्यापीठांतली रिक्त पदे हे विषय त्यांच्याकडे न्यावेत. त्यांच्याकडे गटाराची तक्रार घेऊन सहसा कोणी जात नाही, त्यामुळे त्यांना वाचायला वेळ असण्याची शक्यताही थोडी अधिक असते.

आमदार सर्वत्र आपल्याकडच्याइतके दूर नसतात. गोव्यात ४० आमदार आहेत आणि तिथल्या एका मतदारसंघात साधारण तीस हजारांच्या आसपास मतदार असतात. महाराष्ट्रात हीच सरासरी तीन लाखांच्या पुढे जाते. गोव्याचे विधानभवन असलेल्या पर्वरीला जाऊन आमदारांना किंवा मंत्र्यांना भेटणे हा एका सकाळचा विषय असू शकतो. गडचिरोलीच्या माणसाला मुंबईची वारी परवडत नाही, म्हणून त्याला नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची वाट पाहावी लागते. १९५३ च्या नागपूर कराराने मिळालेली ही सोय आता मोर्चे आणि शिष्टमंडळे यांच्यासाठीच अधिक ओळखली जाते. पण निवेदन नीट लिहिलेले असेल आणि त्यावर पोच घेतली असेल, तर त्या थोड्या दिवसांचा खरा लाभ होतो, हे मी पाहिलेले आहे.

आमदारांचे खरे सामर्थ्य त्यांच्या शिफारसपत्रात आहे, असे आपण धरून चालतो. त्या पत्रांचे पुढे काय होते हे मी पाहिले आहे. पत्र येते, त्यावर ‘तपासून योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा पडतो, ते खाली उतरत उतरत कार्यासनापर्यंत, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलापर्यंत, पोहोचते आणि तिथे आधीच आलेल्या तशाच पत्रांच्या गठ्ठ्यात जाऊन बसते. एकाच पदाच्या बदलीसाठी तीन आमदारांची तीन वेगवेगळ्या नावांची पत्रे एकाच नस्तीत, म्हणजे फाइलीत, लावावी लागल्याचे प्रसंग मंत्रालयातल्या कोणत्याही जुन्या माणसाला आठवतील. ज्याला शासन खरोखर उत्तर देते, ती सभागृहातली आयुधे आहेत: तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावे लागते), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा. तारांकित प्रश्न विभागाकडे आला की त्या कार्यासनात रात्री दिवे जळतात, क्षेत्रीय कार्यालयांना दूरध्वनी जातात आणि वर्षभर न सापडलेली आकडेवारी दोन दिवसांत सापडते. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले तर त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते, आणि नागरिकांच्या गाऱ्हाण्यांसाठी विनंती अर्ज समिती असते, जिचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नसते. म्हणून आमदारांना लिहायचे तर ‘माझे काम करा’ असे लिहू नये; ‘या विषयावर प्रश्न विचारा’ असे लिहावे, सोबत दोन पानी टिपण आणि कागदांच्या प्रती जोडाव्यात आणि ते अधिवेशनाच्या बरेच आधी पोहोचवावे, कारण प्रश्न देण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्यापूर्वीच संपते. असे तयार टिपण हाती आले तर पक्ष कोणताही असो, आमदारांना ते हवेच असते.

अनेक महानगरपालिका २०२२ पासून प्रशासकांच्या हाती गेल्या आणि त्या काळात नगरसेवकच उरले नाहीत, त्यामुळे नळ, कचरा आणि पथदिवे हे सारेच आमदारांच्या दारात येऊन पडले. त्या वेळी ते अपरिहार्य होते. पण त्यातून जडलेली सवय आता सोडायला हवी.

मंत्रालयातला नेमका माणूस शोधायचा कसा? येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण ही युक्ती मला नोकरीने शिकवली. आपला विषय ज्या योजनेत किंवा नियमात बसतो, त्याचा अलीकडचा शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून काढावा. त्याच्या माथ्यावर विभागाचे नाव आणि क्रमांक असतो. त्या क्रमांकात ‘प्र.क्र.’ (प्रकरण क्रमांक) नंतर तिरकी रेघ देऊन जे लिहिलेले असते, ते कार्यासनाचे नाव किंवा क्रमांक असतो. हा विषय त्या विशाल इमारतीत नेमक्या कोणत्या टेबलावर हाताळला जातो, हे तेवढ्यावरून कळते. शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीखाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व पदनाम असते. ते बहुधा कक्ष अधिकारी, अवर सचिव किंवा उपसचिव असतात. त्यांच्या खालची ‘प्रति’ची यादी वाचावी, कारण ज्यांना प्रती गेल्या आहेत त्याच कार्यालयांवर अंमलबजावणीची जबाबदारी असते. यादीच्या अगदी शेवटी ‘निवड नस्ती’ असे लिहिलेले असते. हा कागद जिथे कायमचा ठेवला जातो ती ही नस्ती, आणि माहितीच्या अधिकारात नेमके काय मागायचे ते तिथून कळते. अधिकारी बदलतो, राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसारच सामान्यतः तीन वर्षांनी त्याने बदलायचे असते. कार्यासन सहसा बदलत नाही. म्हणून पत्र नावाने न लिहिता पदनामाने आणि कार्यासनाच्या उल्लेखासह लिहावे, आणि ईमेलही शक्य तो पदनामाच्या पत्त्यावरच पाठवावा.

बदल्यांच्या त्याच कायद्यात दुसरी एक तरतूद आहे, जी अधिकाऱ्यांना पाठ असते आणि नागरिकांना ठाऊक नसते. साधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणात पंचेचाळीस दिवसांत आणि तशी गरज असलेल्या प्रकरणात तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे कलम १० सांगते. अर्जाच्या शेवटी या कलमाचा सौम्य शब्दांत उल्लेख करावा. धमकी देऊ नये. धमकीच्या पत्रांसाठी कार्यालयांत वेगळे कौशल्य विकसित झालेले असते. अधिसूचित सेवांसाठी, म्हणजे दाखले, नोंदी, परवाने यांसाठी, २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्याखाली पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, मुदत ठरलेली असते, दोन अपिले आणि त्यानंतर आयोग असतो, आणि कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. तेथे विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट किंवा सेवाविषयक प्रकरणे घेतली जात नाहीत. हे न कळल्याने सोमवारी सकाळी थेट जाऊन रिकाम्या हाताने परतणारे लोक पाहून मला फार वाईट वाटते.

या सगळ्याचा पाया म्हणजे आवक क्रमांक, अर्थात कागद कार्यालयात आल्याच्या नोंदीचा क्रमांक. एक्सवर मुख्यमंत्र्यांना टॅग करून तक्रार मांडणाऱ्या तरुणांना मी नावे ठेवत नाही. शहरांत त्यातून कधी कधी झटपट काम होतेही. पण त्या संदेशाला आवक क्रमांक नसतो, आणि जो कागद आवक झालेला नाही त्याच्यावर मुदत मोजता येत नाही, अपील करता येत नाही आणि माहितीही मागता येत नाही. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार दिली तर निदान क्रमांक मिळतो. कागद हाताने द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा, आणि मुदत टळली की माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिप्पणीसह प्रत’ मागावी. महाराष्ट्रात माहितीचा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, हे ध्यानात असू द्यावे.

हे सारे लिहिताना मला एक गोष्ट खटकत राहते. हे शोधण्याचे कष्ट नागरिकाने का घ्यावेत? माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ ला पूर्णपणे अमलात आला, आणि त्याच्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अधिकारी व कर्मचाऱ्यांची निर्देशिका, त्यांचे अधिकार व कर्तव्ये आणि निर्णय घेण्याची कार्यपद्धती आपणहून प्रसिद्ध करायची आहे व दरवर्षी अद्ययावत करायची आहे. प्रत्यक्षात कित्येक कार्यालयांच्या संकेतस्थळांवर निवृत्त झालेल्यांची नावे आणि बंद पडलेले दूरध्वनी नांदत आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये शासनाने आमदार-खासदार कार्यालयात आल्यावर अधिकाऱ्यांनी उभे राहून त्यांच्याशी सौजन्याने वागावे, अशा सूचना काढल्या. लोकप्रतिनिधींचा मान राखायला माझी काहीच हरकत नाही. पण त्याच तत्परतेने ‘प्रत्येक कार्यासनाचा चालू दूरध्वनी क्रमांक महिनाअखेरीस तपासावा’ असे एका ओळीचे परिपत्रक काढायला कोणाची हरकत आहे? मंत्रालयाच्या प्रवेशद्वारावर चेहरा ओळखणारी यंत्रणा बसली आणि पासासाठी ॲप आले. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने जमिनीच्या मोबदल्यासाठी दाद मागत याच इमारतीत विष घेतले आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर आत्महत्येचे प्रयत्न रोखण्यासाठी इमारतीच्या आत उड्या अडवणारी जाळी बसवण्यात आली. आत येणाऱ्या माणसावर नजर ठेवण्याची व्यवस्था आपण इतकी केली आहे. त्याने नेमके कोणत्या टेबलाकडे जावे, हे सांगण्याची मात्र अजून केलेली नाही.

या विषयावर माझ्या मतदारसंघातल्या आमदारांना मी टिपण दिले आहे. त्यात मागितलेला प्रश्न असा आहे: राज्यातील किती विभागांनी कलम ४(१)(ख) खालील निर्देशिका गेल्या वर्षभरात अद्ययावत केली, ज्यांनी केली नाही त्यांची कारणे काय, आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कोणती कार्यवाही करण्यात आली? ज्यांना हा मजकूर आपापल्या आमदारांकडे पाठवायचा असेल त्यांनी तो खुशाल उचलावा, माझे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. फक्त पोच घ्यायला विसरू नये.