दोन स्टार देणाऱ्या ताईंना दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दिवाळीत विश्रामबागच्या घरासाठी आमच्याकडून ४३ इंची टीव्ही नेलात. त्यावर माणसं सुजल्यासारखी आणि भिंतीवरचं घड्याळ अंड्यासारखं दिसायचं. आमचा मुलगा येऊन गेला, तर दोन्हीकडं काळ्या पट्ट्या आल्या आणि नव्या मालिकांतली माणसं काठीसारखी झाली. बातम्यांची खालची ओळ अर्धी कापलेली ती कापलेलीच राहिली, वर ३०० रुपये घेतले. बाबांचं वाक्य तुम्ही लिहिलंय, "पैसे ४३ चे घेतले आणि चित्र दिलं ३५ चं." म्हणून पीस बदलून मागताय.

आधी आमची चूक. मुलानं टीव्हीच्या रिमोटवरून साइज ४:३, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३, करून तशीच ठेवली. जुने सिनेमे सरळ झाले, पण १६:९ च्या रुंद आकारात येणारं सगळं आवळलं गेलं. बाबांना दोन शब्द समजावून सांगायचे, तेही त्यानं केलं नाही. ३०० रुपये परत देतो.

पीस मात्र बदलणार नाही, त्यात दोष नाही. बाबा बघतात ते जुने सिनेमे आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका ४:३ च्या. आताचा पडदा १६:९. एकात दुसरं बसवायचं तर बाजूला जागा सोडा, नाहीतर आडवं ताणा, नाहीतर मोठं करून वरखालचं कापा. ताणलं की रुंदी एक तृतीयांशानं वाढते, उंची आहे तेवढीच. कुस्तीच्या फडात ते खपून जातं, नायिकेला सोसत नाही.

बाबांचा ३५ चा हिशेब अगदी बरोबर आहे, मी टेप लावून बघितला. तुमचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद. ४:३ चित्र त्यात ७१ सेंटिमीटर घेतं, दोन्हीकडं बारा-बारा काळे राहतात, आणि चित्राचा कर्ण भरतो ३५ इंच. पण एक्स्चेंजमध्ये दिलेला तुमचा जुना डबा २१ इंची होता. बाबांना म्हणावं, त्याच्याशी ताडून बघा.

खरं सांगायचं तर ही सवय आम्हीच लावलीय. दुकानात मांडलेल्या टीव्हींवर आम्ही चित्र ताणून ठेवतो. काळी पट्टी दिसली की गिऱ्हाईक विचारतं, "बिघडलाय काय ह्यो?" दिवसातून दहा वेळा तेच समजावायचा कंटाळा येतो, म्हणून ताणून मोकळे. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर काउंटरशेजारचा एक सेट मूळ आकारात ठेवलाय. कालच तिघांनी विचारलं.

आता तुमच्या घरातलं. बाबांचा सेट-टॉप बॉक्स जुना, अजून लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीवर. आकाराची सेटिंग टीव्हीत असते तशी बॉक्सच्या मेनूतही असते, आणि दोन्ही एकमेकांना न विचारता आपापलं चालवतात. बॉक्सला पडदा १६:९ आहे असं सांगायचं, ४:३ चं चित्र न ताणता द्यायला लावायचं आणि टीव्हीही १६:९ वर ठेवायचा. मग पट्ट्या फक्त जुन्या कार्यक्रमांना येतील, नव्या मालिका पडदाभर दिसतील. बॉक्सला एचडीएमआयचं भोक असेल तर वायर मी आणतो, चित्रही स्वच्छ होईल. बातम्यांची ओळ कापली जाते ते वेगळं दुखणं. पिक्चर ट्यूबच्या काळापासून टीव्ही कडा थोड्या छाटत आलेत. 'जस्ट स्कॅन' किंवा तशाच नावाची सेटिंग चालू केली की ओळ पूर्ण दिसते, पण बऱ्याच टीव्हींवर ती एचडीएमआय लावल्यावरच मिळते.

एक गोष्ट आमच्या हातात नाही. काही चॅनेल जुना सिनेमा स्वतःच ताणून पाठवतात. तेवढ्यापुरतं टीव्हीच्या रिमोटवरून ४:३ करायचं आणि सिनेमा संपला की परत १६:९. ते बटण बाबांना दाखवून, त्यांच्याकडून दोनदा करवून घेतो. सिनेमास्कोपला वरखाली पट्ट्या येतात, त्यांना मात्र हात लावू नका, तो सिनेमा रुंदच काढलेला असतो.

रविवारी अकराच्या सुमारास मी स्वतः येतो, पैसे लागणार नाहीत. तेवढा बॉक्सचा रिमोट शोधून ठेवा. मुलगा म्हणत होता, मागच्या वेळी तोच सापडत नव्हता.