पासष्टीपुढचे सगळे एकाच रकान्यात?

युरोपातल्या ज्येष्ठांना एकत्र युरोप नकोच आहे, असा तुमच्या लेखाचा सूर आहे आणि दाखला ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्याचा. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या बहुसंख्य ज्येष्ठांनी बाहेर पडायचा कौल दिला, हे खरंच. पण हीच पिढी तरुण असताना, १९७५ च्या सार्वमतात, ६७ टक्के मतं आत राहण्याच्या बाजूने पडली होती. मग मधल्या चाळीस वर्षांत काय बिनसलं? लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही, आणि मला तेच वाचायचं होतं.

शिवाय ब्रिटन म्हणजे युरोप नव्हे. मी जर्मनीत केल नावाच्या गावात राहते, ऱ्हाइनपलीकडे फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग. १८७० साली तिथे जन्मून पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाचा देश घर न सोडता, कधी फ्रान्स कधी जर्मनी असा, चारदा बदलला. आमचं केल १९४४ च्या अखेरीस रिकामं करवलं गेलं, आणि पूर्ण गाव लोकांना परत मिळायला १९५३ उजाडलं. शेजारच्या नव्वदीतल्या आजी त्यांच्यातल्याच. आता त्या ट्रामने नदी ओलांडून पाव आणायला जातात. २०२० मध्ये कोरोनामुळे पुलावर पोलीस उभे राहिले, तेव्हा त्या अक्षरशः रडल्या होत्या. त्यांना युरोपविरोधी कसं म्हणायचं?

आउशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेल्या सिमोन व्हेल १९७९ मध्ये थेट निवडून आलेल्या पहिल्या युरोपीय संसदेच्या अध्यक्ष झाल्या, त्याही या आजींसारख्याच युद्ध पाहिलेल्या पिढीच्या. युद्ध पाहिलेले आणि युद्धानंतर सुबत्तेत वाढलेले, या दोघांचे अनुभव फार वेगळे आहेत. पुढच्या लेखात कृपया त्यांचा वेगवेगळा विचार करा.