जादा पावाचा आकार

माझे दाजी मखमलाबाद रस्त्याला मिसळीचे हॉटेल चालवतात. त्या हॉटेलचे संकेतस्थळ भाच्याने तयार केले होते, आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून, संगणकाला न घाबरणारा घरातला उरलेला एकमेव माणूस या नात्याने ते माझ्या गळ्यात पडले आहे. संकेतस्थळात फारसे काही नाही. वर हॉटेलचे नाव, खाली पदार्थांची यादी आणि शेवटी मागणी नोंदवण्याचे बटण. मात्र पान उघडताच डोळ्यांत भरत असे ते हॉटेलचे नाव नव्हे, तर यादीच्या तळाशी असलेले ‘जादा पाव’ हे दोन शब्द.

भाच्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “मामा, ते एममध्ये आहे. एम सापेक्ष असतं.” एवढे सांगून तो बैठकीला निघून गेला आणि मी सीएसएसच्या, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या, अभ्यासाला बसलो.

अक्षराचा आकार एम या एककात दिला, तर तो पानाच्या ज्या भागाच्या, म्हणजे घटकाच्या, पोटात आहे त्याच्या अक्षरावरून मोजला जातो. ब्राउझर मुळात १६ पिक्सेलचे अक्षर धरतो. भाच्याने यादीतल्या प्रत्येक नोंदीला १.२ एम दिले होते, आणि दाजींची यादी ही यादीच्या पोटात यादी अशी आहे. ‘नाश्ता’ १९.२ पिक्सेलचा झाला, त्याच्या पोटातली ‘मिसळ’ २३.०४ची, तिच्या पोटातली ‘काळ्या रश्श्याची’ साधारण २७.६५ची आणि त्याही आतला ‘जादा पाव’ ३३.१८चा. पानाच्या मुख्य शीर्षकाला ब्राउझर आपणहून दोन एम, म्हणजे ३२ पिक्सेल देतो. पावाने हॉटेलच्या नावाला मागे टाकले ते असे, आणि त्यात ब्राउझरचा तसूभरही दोष नव्हता. त्याने आज्ञा तंतोतंत पाळली होती. संगणकाच्या या आज्ञाधारकपणाचा मला माणसांच्या हट्टापेक्षा जास्त त्रास होतो.

यावर आणखी एक मेख अशी की, हाच एम अक्षराच्या आकाराला लावला तर बाहेरच्या, म्हणजे पालक घटकाकडे पाहतो आणि आतल्या मोकळ्या जागेला, म्हणजे पॅडिंगला, लावला तर स्वतःच्याच अक्षराकडे पाहतो. त्यामुळे फुगलेल्या पावाभोवतीची एक एमची जागाही ३३ पिक्सेलांची झाली होती आणि बिचारे दही-पापड पडद्याबाहेर ढकलले गेले होते.

यावरचा उपाय म्हणजे रेम हे एकक, आणि ते नाशिककराला समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याचे आकडे जाहीर होत राहतात, परंतु गावात विचारतात ते इतकेच, की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले. पंचवटीतला असो वा सराफ बाजारातला, प्रत्येक जण गुडघा, कंबर आणि छाती त्या एकाच मूर्तीची धरतो, म्हणून कोणाचा गोंधळ होत नाही. रेमही तसाच पानाच्या मूळ घटकाच्या, म्हणजे बाकी सगळ्यांना पोटात घेणाऱ्या घटकाच्या, अक्षरावरून मोजतो. नोंद कितीही खोल पोटात असली तरी १.२ रेम म्हणजे सगळीकडे १९.२ पिक्सेलच. मी सर्वत्र रेम लिहिले आणि पाव जागेवर आला.

तेवढ्यात दाजींच्या आई, ज्या गल्ल्यावर बसतात त्या माई, मला म्हणाल्या, “अहो, या संगणकाला मी अक्षरं मोठी कर म्हणून सांगितलंय, बाकी सगळीकडे होतात, तुमच्याच पानावर का होत नाहीत?” त्यांनी क्रोममध्ये अक्षरांचा आकार ‘खूप मोठा’ केला होता, तिथे मूळ अक्षर १६ ऐवजी २४ पिक्सेलचे होते. पण भाच्याने मूळ घटकालाच १६ पिक्सेल असे ठोकून ठेवले होते, त्यामुळे माईंनी काहीही निवडले तरी सगळे रेम त्या १६लाच धरून बसत. तिथे १०० टक्के लिहिताच माईंची अक्षरे दीडपट झाली. मला विचाराल तर सापेक्ष एककांचा खरा उपयोग हाच आहे. बाकीची शोभा आहे.

टक्क्यांविषयी मात्र मला प्रेम वाटत नाही. रुंदी टक्क्यांत दिली तर ती भोवतालच्या चौकटीच्या रुंदीवरून ठरते, हे सरळ आहे. पण वरच्या-खालच्या पॅडिंगचे टक्केही रुंदीवरूनच मोजले जातात, आणि उंचीचे टक्के तर पालकाची उंची ठरवून दिलेली नसेल तर चक्क दुर्लक्षिले जातात.

ओळींच्या उंचीत तर देवनागरीचाच पाय अडकला होता. संपूर्ण पानाला १.५ एम दिल्याने त्याचे २४ पिक्सेल झाले आणि तेच वारशाने ३२ पिक्सेलच्या शीर्षकाला मिळाले. शीर्षक दोन ओळींचे झाले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांमध्ये घुसत. एकक गाळून नुसते १.५ लिहिले, की वारशाने गुणक मिळतो आणि प्रत्येक घटक आपापल्या अक्षराला त्याने गुणतो.

मोबाइलवर मागणीचे बटण दिसत नाही, ही दाजींची जुनी तक्रार होती. पानाला १०० व्हीएच, म्हणजे पडद्याच्या दिसणाऱ्या भागाएवढी, उंची दिलेली होती, आणि मोबाइलचे ब्राउझर ती पत्त्याची पट्टी आत सरकलेली आहे असे धरून मोजतात. पट्टी बाहेर असेपर्यंत तळाचे बटण पडद्याखाली. पट्टीप्रमाणे बदलणारे डीव्हीएच हे एकक २०२२ सालापासून प्रमुख ब्राउझरांत आले आहे. ते लिहिले आणि बटण वर आले.

सगळे प्रमाणात बसवून मी दाजींना पान दाखवले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “बाकी झकास, पण जादा पाव पहिल्यासारखा मोठा कर. तो तसा होता तेव्हा लोक जास्त पाव मागायचे.” व्यवसायापुढे सौंदर्यदृष्टी चालत नाही. मी त्या एका नोंदीसाठी २.०७ रेम असा स्वतंत्र नियम लिहून दिला. आता दाजींनी यादीच्या पोटात आणखी कितीही याद्या घातल्या, तरी पाव याहून फुगणार नाही.