दुसरं इंजिन किती वाचवतं?

पाऊस लागला की गावच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर कधी पडत नाही, एका इंजिनाचं समुद्रावर कुचकामी. तालुक्याला एकेक ध्रुव हेलिकॉप्टर दिलं असतं, तर २०२१च्या पुरात चिपळूणची माणसं छपरांवर अडकली नसती.’ कळकळ खरी आहे, बाकीचं बघू.

‘कधी पडत नाही.’ पडतं. ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघे गेले. ध्रुवला दोन इंजिनं आहेत, पण तपासात तुटलेली निघाली ती स्वॉशप्लेट, म्हणजे वैमानिकाने दांडा हलवला की पात्यांचा कोन बदलणारा भाग. मुख्य पात्यांसाठी तो एकच असतो. इंजिनांची ताकद पात्यांपर्यंत पोचवणारा मुख्य गिअरबॉक्सही एकच. आपल्याच समुद्रात, जून २०२२मध्ये, तेलविहिरीकडे निघालेलं सिकोर्स्की एस-७६डी पाण्यात गेलं आणि नऊपैकी चौघे दगावले. तेही दोन इंजिनांचंच.

मग दुसरं इंजिन कशाला? एक बंद पडलं तरी परत येता यावं म्हणून. पण त्यातही मेख आहे. हेलिकॉप्टरला भरपूर ताकद लागते ती जागच्या जागी तरंगताना, आणि विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, माणूस वर ओढायचा तो नेमका तरंगतानाच. आत वजन भरलेलं असताना एक इंजिन गेलं, तर उरलेलं ते पेलेलच असं नाही. वैमानिकाला नाक खाली घालून पुढे वेग घ्यावा लागतो, थोडी उंची गमवावी लागते. समुद्रावर तेवढी मोकळीक मिळते. बाजारपेठेत, विजेच्या तारा आणि माडांच्या मधे, कुठून मिळणार? शिवाय पात्यांच्या वाऱ्याने छपराचे पत्रे उडतात ते वेगळंच.

‘एका इंजिनाचं कुचकामी.’ १७ जून २०२१ला रेवदंड्याजवळ एमव्ही मंगलम हे जहाज बुडू लागलं. सोळाही खलाशी वाचले. तटरक्षक दलाच्या जहाजाच्या जोडीला तिथे होती चेतक हेलिकॉप्टरं: एका इंजिनाची, १९५९मध्ये पहिल्यांदा उडालेल्या फ्रेंच आराखड्याची. इंजिन बंद पडलं की ती दगडासारखी पडतात हेही खरं नाही. खाली येताना हवाच पाती फिरवत ठेवते, तेवढ्यावर उतरता येतं. अर्थात लाटांवर हौसेने कोण उतरेल? तेलविहिरींच्या फेऱ्यांना दोन इंजिनं लागतात ती म्हणूनच.

‘तालुक्याला एकेक.’ हँगर, इंधन, तंत्रज्ञ, खाऱ्या हवेमुळे सतत धुणं-पुसणं, हे सगळं तालुक्याला एकेक? आणि त्या पुरात हेलिकॉप्टर नव्हतीच असंही नाही. नौदलाचं सी किंग २३ जुलैला मुंबईहून पोलादपूरकडे निघालं होतं. ढग डोंगराला टेकले की घाटाच्या पायथ्याशी दोन इंजिनांचा वैमानिकही तितकाच आंधळा.

ध्रुवच्या मागच्या दारांतून स्ट्रेचर सरळ आत जातं, विंचही बसवता येतो. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा हवाई तळही आहे. मागायचंच असेल तर तालुक्यात पुरात न बुडणारं, वरून तारा न गेलेलं एक मैदान मागा, आणि तिथवर पावसाळ्यातही रुग्णवाहिका पोचेल असा रस्ता.