वय विचारणारं हॉटेल

व्हिएतनामला जायचं हे पाच मिनिटांत ठरलं. तिथे राहायचं कुठे हे ठरायला गणपती ते नवरात्र एवढा काळ गेला.

माझं मत पहिल्यापासून पक्कं होतं. होई आनसारख्या जुन्या, पिवळ्या भिंतींच्या गावात जायचं आणि समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये कोंडून घ्यायचं, म्हणजे पंगतीत बसून स्वतःचा डबा उघडण्यासारखं. त्यापेक्षा गल्लीतलं छोटं हॉटेल बघावं. खाली मालकांचं बिऱ्हाड, वर आपण, सकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरातला नाश्ता, दाराशी फुकट सायकली. याला मी स्थानिक संस्कृती अनुभवणं म्हणतो. खोलीचं भाडं रात्रीला सहा लाख दोंग, म्हणजे जेमतेम दोन हजार रुपये, हा त्या संस्कृतीचा केवळ एक पैलू.

बायको म्हणाली, "स्थानिक संस्कृती मी घरी रोज अनुभवते. तीच झाडते, तीच पुसते. सुट्टीत मला समुद्र हवा, बाथटब हवा आणि उशीवर चॉकलेट हवं."

झालं. रोज रात्री जेवणं आटोपली की आम्ही सोफ्याच्या दोन टोकांना दोन फोन घेऊन बसायचो, कोर्टात दोन वकील बसतात तसे. महिनाभराच्या अभ्यासाने मला हॉटेलांची भाषा कळायला लागली. 'समुद्रापासून दोनशे मीटर' यातले मीटर पक्ष्यासाठी मोजलेले असतात. 'अंशतः समुद्रदर्शन' म्हणजे गॅलरीतून बाहेर वाकायचं आणि मागून कुणीतरी आपला सदरा धरायचा. 'शांत परिसर' म्हणजे रात्री आठनंतर वाहन मिळत नाही. तरणतलावाचा फोटो ज्या कोनातून काढतात त्या कोनातून आमच्या गच्चीवरची टाकीसुद्धा निळीशार दिसेल.

शिवाय रिव्ह्यू. ते जगभरच्या भाषांतून यंत्राने मराठीत आणलेले. 'आंघोळीचं पाणी अत्यंत प्रामाणिक होतं' हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि त्या हॉटेलला मनातल्या मनात दोन गुण जास्त दिले. एका गृहस्थांनी मात्र एका उत्तम रिसॉर्टला एकच तारा दिला होता. का, तर पाच दिवस पाऊस पडला! त्या गृहस्थांना आम्ही दोघांनी मिळून हसून घेतलं. त्या महिन्यातलं आमचं ते एकमेव एकमत.

वर ते दोंग. रुपयाला तीनशेच्या आसपास दोंग येतात, त्यामुळे प्रत्येक आकड्यामागे शून्यांची वरात. बायकोच्या रिसॉर्टचं भाडं रात्रीला छत्तीस लाख होतं. छत्तीस लाख हा आकडा मी त्याआधी फक्त गृहकर्जाच्या कागदावर पाहिला होता. त्याचे बारा हजार रुपये होतात हे कळल्यावर 'अरे, बाराच हजार!' असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि तिथेच मी केस हरलो.

तडजोड अशी ठरली: आधी दोन रात्री रिसॉर्ट, मग तीन रात्री "तुमचं काय ते". दिवाळीच्या सुट्टीत दर चक्क उतरलेले पाहून मी माझ्या व्यवहारज्ञानावर खूश होतो. ते का उतरले होते, हे दा नांगच्या विमानतळाबाहेर पडताक्षणी कळलं. मध्य व्हिएतनामचा पाऊस आपला पाऊस परतला की जोर धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचे वारे समुद्रावरून पाणी घेऊन पूर्व किनाऱ्यावर येतात. तमिळनाडूच्या बाबतीत हेच मी नववीत पाठ केलं होतं, त्यावर गुणही मिळवले होते. व्हिएतनामलाही पूर्व किनाराच आहे, हे नकाशावर हॉटेलं शोधताना महिनाभर डोळ्यांसमोर असून सुचलं नाही. त्या एक तारेवाल्या गृहस्थांची मी मनोमन क्षमा मागितली.

रिसॉर्टमध्ये गार रुमाल मिळाला, आल्याचा चहा मिळाला, पडदे बटणाने उघडले. समोर समुद्र. पण वाळू कुठाय? आमचं रिसॉर्ट होतं कुआ दाईच्या बाजूला, थू बोन नदी समुद्राला मिळते तिथे. गेल्या दहा-बारा वर्षांत हा किनारा समुद्राने भराभर खाल्ला. नदीवर वर धरणं झाली, पात्रातून वाळू उपसली, त्यामुळे खाली यायची ती वाळू येईना. काही ठिकाणी आता भर टाकून किनारा परत आणताहेत. आमच्या वाट्याला मात्र वाळू आली ती भल्यामोठ्या पिशव्यांत भरलेली, एकावर एक रचलेली, वर शेवाळ धरलेली. सगळ्यावर लाल निशाण: पाण्यात उतरू नये.

मी संतापलो. छत्तीस लाख भरून पोत्यांचं दर्शन!

"तुम्हाला वाळू कशाला हवी?" बायको बाथटबमधून ओरडली. "किल्ला करायचाय?"

दिवाळी असल्यामुळे यावर उत्तर नव्हतं. ती त्या दोन दिवसांत खोलीबाहेर पडली ती फक्त नाश्त्याला. अकरा तास झोपली. पांढरा झगा घालून खिडकीशी बसून कॉफी प्यायली. "आवाज येतोय ना समुद्राचा? बास." उशीवरची चॉकलेटं माझ्या वाटणीचीही तिनेच खाल्ली. मी लॉबीत उगाच फेऱ्या मारत होतो. प्रत्येक फेरीला एक मुलगा दार उघडून नमस्कार करायचा. चौथ्या फेरीनंतर त्याच्यासाठी मी फेऱ्या बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी माझा डाव सुरू झाला. होई आनमधलं आमचं छोटं हॉटेल म्हणजे अरुंद, खोल, चार मजली घर. चपला दाराशी काढायच्या. लिफ्ट नाही. आमची खोली अर्थातच चौथ्या मजल्यावर, आणि जिना असा की वर जाताना गुडघा हनुवटीला लागावा. बायकोने काहीही न बोलता मला बॅगेचं हँडल दिलं.

मालकीणबाई हसऱ्या आणि चपळ. इंग्रजी येत नव्हतं, पण फोनमध्ये बोलायच्या आणि फोन आमच्याशी चक्क मराठीत बोलायचा. पहिलाच प्रश्न आला: "तुमचे वय किती?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. यात चोंबडेपणा काही नव्हता. व्हिएतनामीत सरसकट 'तुम्ही' म्हणून भागत नाही. समोरचा मोठा की धाकटा हे कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही: मोठा पुरुष तो 'आन्ह', मोठी बाई ती 'ची', धाकटं कुणीही 'एम'. आपल्याकडे भाजीवालीला ताई म्हणावं की मावशी, ही जी धाकधूक असते, तीच, फक्त व्याकरणात शिरलेली. मी माझे सत्तावन्न सांगून टाकले आणि सन्मानाने आन्ह झालो. बायको चोपन्नची. ती रीतीप्रमाणे म्हणाली, "पन्नास."

मालकीणबाई स्वतः बावन्नच्या निघाल्या. आनंदाने त्यांनी बायकोचा दंड धरला आणि म्हणाल्या, "एम!"

आमच्या सोसायटीची अख्खी कमिटी जिला बघून जिना बदलते, ती बाई पुढचे तीन दिवस धाकटी बहीण म्हणून वाढवली गेली. एम, रेनकोट घाल. एम, गुंडी लाव. एम, गार पाणी पिऊ नकोस. पानात भात राहिला की मालकीणबाई शेजारी येऊन बसायच्या आणि संपेपर्यंत हलायच्या नाहीत. मी आन्ह असल्यामुळे मला कुणी काही सांगत नव्हतं. स्थानिक संस्कृती मला फारच भावली.

जेवणात एकदा घोटाळा झाला. बायको शाकाहारी, आणि तिथे माशाचं पाणी कशात नसेल सांगता येत नाही. शाकाहारीला व्हिएतनामीत 'चय' म्हणतात एवढं मी पाठ करून गेलो होतो. एका भाजीकडे बोट दाखवून मी प्रश्नार्थक सूर चढवून विचारलं, "चय?" मालकीणबाई पळत आत गेल्या आणि गॅस बघून आल्या. मी पुन्हा, अजून वर चढवून, "चय?" त्या पुन्हा पळाल्या. शेवटी फोनने उलगडा केला. सपाट सुरात म्हटलं तर शाकाहारी, सूर चढवला तर आग. आणि तोच शब्द खाली दाबून म्हटला तर पळणे. तिन्ही अर्थ बाईंनी एका भाजीत करून दाखवले होते. त्यानंतर मी सगळे प्रश्न पोलीस जबाबाच्या सुरात विचारायला लागलो.

दुसऱ्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन आलं. आत शिरताच दाराजवळ, जमिनीवर, लाल रंगाचा एक छोटा देव्हारा होता. तोंड दाराकडे, दोन हसऱ्या बसक्या मूर्ती, उदबत्त्या, फळं, इवल्या कपांत पाणी. "अगंबाई, देव जमिनीवर?" बायको हळहळली. फोनने सांगितलं, यातला एक धनाचा देव, थान ताय. दुकान असो की हॉटेल, तो दारातच बसतो, येणारी लक्ष्मी आधी त्याला दिसावी म्हणून. बायकोने क्षणभर विचार केला, चार मजले चढून गेली आणि बॅगेतून पणती, बेसनाचे दोन लाडू, चार चकल्या घेऊन चार मजले उतरली. बाहेर पाऊस कोसळत होता, गल्लीत घोट्याएवढं पाणी चढलं होतं. पूर इथे इतका नेमाचा की जुन्या घरांत कोणत्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा भिंतीवर करून ठेवतात. दोघी मांडी घालून जमिनीवर बसल्या, एकीने पणती लावली, एकीने उदबत्ती. फोन मध्ये कुणी घेतला नाही.

सकाळी लाडू जागेवर होते. चकल्या नव्हत्या. देवाने घेतल्या की यजमानांनी रात्री बिअरबरोबर, याची मी चौकशी केली नाही.

निघायच्या दिवशी गाडी आली. मालकीणबाईंनी बायकोची गुंडी स्वतः लावली, हातात केळी दिली, फोनमध्ये काहीतरी बोलल्या आणि फोन तिच्या कानाशी धरला. फोन म्हणाला, "सावकाश जा, मोठ्या ताई."

बायको चमकली. मालकीणबाईंनी गोड हसत तिच्या हातातल्या पासपोर्टवर बोटाने टकटक केलं. परदेशी पाहुण्यांची नोंद तिथे पोलिसांत करावी लागते. पहिल्याच दिवशी दोन्ही पासपोर्टांचे फोटो काढून, जन्मतारखेसकट, बाईंनी ती केलेली होती.

दा नांगचा विमानतळ तीस किलोमीटर. पंचवीसएक किलोमीटर बायको खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे सगळं माहीत असून तिने मला भात संपवायला लावला?"